पानात बसवलेला घोडा

मी एक जुना घोडा आहे. कागदाचा.

हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. तुमच्या भाषेत माझ्या जातीच्या नावाने एक टोमणा आहे. काम शून्य आणि कागदांची हलवाहलव फार, असे दिसले की तुम्ही म्हणता, "नुसते कागदी घोडे नाचवतात." मित्रांनो, हे ऐकत ऐकतच मी म्हातारा झालो. आता माझेही ऐका. कागदी घोडा नाचवणे हे काम आहे. आधी तो नीट कापावा लागतो. मग तो उभा राहावा लागतो. मग त्याच्या पाठीवर कोणीतरी विश्वासाने बसावे लागते. ज्याने हा टोमणा पहिल्यांदा मारला, त्याने यातले काहीच करून पाहिले नसणार.

मी पाहिले आहे. सांगतो.

सलग रेषेवर कापा

माझा जन्म तबेल्यात नाही, छापायच्या यंत्रात झाला. ते यंत्र ताईच्या घरी, पुढच्या खोलीत, खिडकीखाली असते. घराखाली सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि चाकांत हवा भरल्याचा आवाज दिवसभर वर येत असतो.

आम्ही दुकानातून घोडे म्हणून येत नाही. येते ते फक्त चित्र. घेणाऱ्याने ते घरी छापायचे, कापायचे, घडी घालायची, चिकटवायचे आणि खेळाच्या टेबलावर मांडायचे. म्हणजे अर्धा कारागीर तिकडे आणि अर्धा इकडे. घोडा लंगडा निघाला तर चूक कोणाची, हे ठरवताना सख्ख्या बहिणींत भांडण लागावे. लागलेच, ते पुढे येईल.

तो खेळ कोणता, तेही सांगतो. त्यात पट आहे, सोंगट्या आहेत, फासे आहेत, पण जिंकणे आणि हरणे नाही. एकजण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कोणी चोर होतो, कोणी वैद्य, कोणी सरदारीण. "मी दार उघडते," असे कोणी म्हणाले की फासा पडतो, आणि दार उघडते किंवा तिच्याच अंगावर कोसळते. एकेक गोष्ट कितीतरी रविवार चालते. त्या गोष्टीत कोण कुठे उभे आहे हे डोळ्यांना दिसावे, म्हणून आम्ही असतो. भिंती, दारे, राक्षस आणि घोडे.

मला काढले धाकटीने. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. ती औषधांच्या खोक्यांवरची चित्रे काढत असे. गुडघा आणि त्याभोवती लाल वर्तुळे. पोट आणि पोटात जाळ. दुसऱ्यांचे गुडघे काढता काढता तिच्याच हाताला कळा यायला लागल्या, तेव्हा तिने एका कोऱ्या जागेत घोडा काढला. मग दुसरा काढला. मग एक हट्टी खेचर, एक रुसलेला उंट, आणि त्यांच्यावर बसणारी माणसे. या सगळ्या संचाला तिने नाव दिले 'तबेला', आणि नोकरीचा राजीनामा दिला. तिचे साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. घोड्यावरून पडलात तर या परत."

पडायचे की नाही, हे ताईच्या हातात होते. ताई बुटांच्या कारखान्यात माल तपासते. नवा बूट हातात आला की ती आधी त्याला वाकवते आणि मगच त्याच्याकडे बघते. सुट्टीच्या दिवशी ती आमच्यासारख्या छापायच्या वस्तू तपासते आणि खेळणाऱ्यांच्या पत्रकात निकाल लिहिते. गावोगावचे खेळाडू तो निकाल वाचल्याशिवाय काही छापत नाहीत. ताईने 'पास' लिहिले तर तबेला चालणार होता. 'परत' लिहिले तर धाकटी पुन्हा गुडघ्यांवर जाणार होती. बहीण म्हणून ताई काही सोडेल, अशी आशा कोणालाच नव्हती. धाकटीला तर नव्हतीच.

छापण्याआधी यंत्र काही विचारते. त्यात एक चौकोन असतो, 'पानात बसवा'. कारखान्यातले लांबरुंद तक्ते घरी छापताना त्यांच्या कडा कापल्या जात, म्हणून ताईने त्या चौकोनात केव्हातरी खूण केली होती. ती खूण तिथेच घर करून बसली. आणि धाकटीने काय केले होते? माणसे लहान कागदावर काढली आणि घोडे मोठ्या कागदावर, कारण घोडा मोठा असतो. तसे तिने कुठे लिहिले मात्र नव्हते. ताईच्या यंत्रात होता लहान कागद. यंत्राने मला मुकाट्याने आखडले आणि पानात बसवले.

मित्रांनो, मला दुखले नाही. मला कळलेसुद्धा नाही. मी लहान आहे, हे मला दुसऱ्यांच्या हसण्यावरून कळले. तुमच्यापैकी काहींना हे समजेल.

ठिपक्यांच्या रेषेवर घडी घाला

ताईने मला कापले ते बघण्यासारखे होते. ती कात्री फिरवत नाही, कागद फिरवते. घडीच्या रेषेवरून तिने आधी शाई संपलेले बॉलपेन दाबून ओढले, म्हणून घडी सुरीसारखी बसली. माझी उजवी बाजू आणि डावी बाजू पाठीला पाठ लावून चिकटली. मग तिने माझ्या कडांना काळा रंग फिरवला, कारण कापलेल्या कागदाची पांढरी कड दिसली की सोंग उघडे पडते. शेवटी खालच्या दुकानातून आणलेला एक वायसर माझ्या पायाखालच्या गोल चकतीत घातला. पायाखाली लोखंड आले की कागदालाही पाय रोवून उभे राहता येते.

कापताना ती स्वतःशीच बोलत होती. "शेपटीपाशी कात्री वळत नाही. घेणारा चिडणार." मग थोड्या वेळाने, "शाई बेताची पितो. बरं आहे." मग मला टेबलावर ठेवून तिने फुंकर मारली. मी हललो नाही. पंखा लावला. मी डुललो, पण पडलो नाही. मग तिने मला डब्यात टाकून डबा खुळखुळवला. त्याबद्दल मी बोलणार नाही.

माल दिखाऊ असतो किंवा टिकाऊ असतो, हे तुम्हाला माहीत आहे. ताईकडे तिसरा एक शब्द होता, तिचा स्वतःचा. खेळाऊ. ती म्हणे, "दिखाऊ डोळ्याला कळतं, टिकाऊ हाताला कळतं. खेळाऊ मात्र टेबलावर गेल्याशिवाय कळत नाही." आणि ते ओळखायची तिची खूणही तिचीच होती. खेळ चालू असताना ती सोंगट्यांकडे बघतच नसे, खेळणाऱ्यांच्या कोपरांकडे बघे. लोक मागे टेकून बसले असतील तर वस्तू कितीही देखणी असली तरी वाया. कोपरे टेबलावर आली, की वस्तू खेळाऊ.

हा भाग चिकटवू नका

रविवारी दुपारी टेबलाभोवती मंडळी जमली. दातांची डॉक्टर होती, तिला सगळे दातवाली म्हणतात. ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, होते. सूत्रधार होता, जो एरवी लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे त्याच्या गोष्टीत माणसे फार वेळा कुठेतरी अडकतात.

धाकटी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. ताईचा नियमच होता, चाचणी चालू असताना करणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. "घेणाऱ्याच्या घरी तू समजावायला जाणार आहेस का?" ती म्हणे.

दातवालीने आपली सरदारीण माझ्या पाठीवर चढवली. सरदारणीच्या कागदाला खाली एक खाच होती, ती माझ्या पाठीत बसायची. ती बसली. पण बाईंचे दोन्ही पाय माझ्या पोटाखालून जाऊन टेबलाला टेकले.

"अगं बाई," दातवाली म्हणाली, "ही घोड्यावर बसलीये की घोडा हिने मांडीत घेतलाय?"

"पहिल्याच धुण्यात आटला वाटतं," भाऊजी म्हणाले.

सूत्रधाराने चष्मा वर केला. "घोडा कुठला हो. तट्टू आहे हे."

"भाड्याचं?"

"भाड्याचं असतं तर जरा बरं मिळालं असतं."

खेळणारे तिघेही हसले. धाकटी हसली नाही. तिने मला बघितले, मग सरदारणीला बघितले, मग खिडकीखालच्या यंत्राकडे बघितले, आणि तिचा चेहरा उतरला. काय झाले ते तिला त्याच क्षणी कळले होते. पण नियम होता. तिने ओढणीचे टोक तोंडात धरले.

त्यात भाऊजींनी आपला घोडा काढला. त्यांच्या गॅलरीत एक यंत्र आहे, ते वितळलेल्या प्लास्टिकच्या दोऱ्याने थरावर थर देत वस्तू उभी करते. तोही छापलेलाच घोडा, पण भरीव. मी खोटे बोलणार नाही, तो देखणा होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. तो माझ्याशेजारी उभा राहिला तेव्हा मी त्याचा खाऊ वाटत होतो. रंग मात्र त्याला नव्हता. "रंग पुढच्या रविवारी," असे भाऊजी प्रत्येक रविवारी म्हणत आले आहेत.

 ताई कोपरे बघत होती. सगळी मंडळी मागे टेकून, हसत बसली होती. निकाल जवळजवळ लागला होता.

मग सूत्रधाराने टेबलावर भुयार मांडले. एका घराच्या रुंदीचे, लांबलचक आणि वाकडे. "आत अंधार आहे," तो म्हणाला. "आणि घोडे बाहेरच बांधा. घोडा चार घरं अडवतो, भुयार एका घराचं आहे."

भाऊजींनी आपला भरीव घोडा गुमान बाजूला ठेवला. दातवालीने माझ्याकडे पाहिले. मला दोन बोटांत उचलले आणि भुयाराच्या पहिल्या घरात ठेवले. मी त्या घरात मावलो. शेपटीसकट.

"घोडे बाहेर," सूत्रधार म्हणाला.

"घोडे बाहेरच आहेत. हे तट्टू आहे."

"म्हणजे काय?"

"तुम्हीच म्हणालात. आत्ता म्हणालात, सगळ्यांसमोर."

सूत्रधाराने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. स्वतःच्याच शब्दात सापडलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिले. "बरं," तो म्हणाला. "फासा टाक."

फासा चांगला पडला. मी आत गेलो.

मित्रांनो, त्या भुयारात मी काय काय केले ते सगळे सांगत बसलो तर बढाई होईल. म्हणून थोडेच सांगतो. जखमी झालेल्या वैद्याला, म्हणजे भाऊजींना, मी पाठीवर घेतले. एका वळणावर सरदारीण पुढे जायला निघाली, तेव्हा दातवाली स्वतःच म्हणाली, "नाही, थांबा. तट्टू पाऊल टाकत नाहीये. कान मागे घेतलेत त्याने." माझे कान छापलेले आहेत. ते मागे जात नाहीत. पण त्या क्षणी टेबलाभोवती सगळ्यांनाच ते मागे गेलेले दिसले. सूत्रधाराने फासा टाकायला लावला, आणि पुढे खड्डा होता हे उघड झाले.

टेबलावर कोपरे आली होती. सगळ्यांची.

डावी बाजू

चहासाठी खेळ भुयाराच्या मधोमध थांबला. मला दोन बाजू आहेत. एका बाजूला मला स्वयंपाकघराचे दार दिसत होते, दुसऱ्या बाजूला खिडकी. म्हणून त्या दोघी बहिणींचे भांडण मी दोन्हीकडून पाहिले.

डाव्या बाजूने मला ताई दिसत होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आता बोल," ती म्हणाली.

"'पानात बसवा' वर खूण होती?"

"असेल. नेहमीच असते."

"मग चूक तुझी आहे. माझा घोडा एवढा नाहीये. मी मोठ्या कागदावर काढलाय."

"कुठे लिहिलंय मोठा कागद?"

"कळतं ते, ताई. घोडा म्हटल्यावर कळतं."

"कुणाला कळतं?" ताईचा आवाज चढला नव्हता. कारखान्यात ती असाच आवाज वापरत असणार. "घेणारा मूर्ख आहे असं समजून वस्तू करू नये. पण तो घाईत आहे, असं समजून करावी. मला नाही कळलं, आणि मी रोज हेच करते."

उजवी बाजू

उजव्या बाजूने धाकटी दिसत होती. तिच्या हातातला चहा तसाच होता.

"माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तू तिला फोन केला असतास. विचारलं असतंस, बाई, घोडा एवढाच आहे का?"

"दुसऱ्या कुणालाही मी फोन करत नाही."

"तेच. तुझ्यापाशी बहीण आणि बूट सारखेच."

ताईचा चेहरा मला या बाजूने दिसत नव्हता. 

"आणि ते सगळे हसले," धाकटी म्हणाली. "तट्टू म्हणाले."

"मग पुढे काय झालं ते नाही बघितलंस?"

"ते माझं नाही. ते चुकीमुळे झालं. मी घोडा काढलाय."

"पुढच्या रविवारी मोठ्या कागदावर छापून आण," ताई म्हणाली. "पुन्हा तपासते. निकाल तेव्हा लिहीन."

पुढचा रविवार हा त्या महिन्याचा शेवटचा होता.

पुन्हा छापा

मोठा कागद घरच्या यंत्रात जात नाही. धाकटी छपाईवाल्याकडे गेली आणि माझा थोरला भाऊ घेऊन आली. तिनेच तो कापला, तिनेच चिकटवला. मी त्याला पाहिले आणि मान खाली घातली असती, पण माझी मान छापलेली आहे, ती वरच असते. म्हणून मी वर मान करूनच त्याच्याकडे पाहिले. काय सांगू. आयाळीचा केस न् केस दिसत होता. माझ्यावर जे नुसते डाग होते, ते त्याच्यावर लगाम, बक्कल आणि टाके होते. सरदारीण त्याच्यावर बसली तेव्हा तिचे पाय बरोबर रिकिबीत आले. फुंकरीत तो हलला नाही. पंख्यात डुललासुद्धा नाही.

"सुरेख," भाऊजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

"फारच छान," दातवाली म्हणाली. मग तिने टेबलाकडे पाहिले. "पण मी भुयारात आहे."

भुयार मागच्या रविवारसारखेच मांडले होते आणि त्याच्या मधोमध, एका घरात, मी उभा होतो. धाकटीने मला उचलून बाजूला ठेवले आणि थोरल्याला माझ्या जागी ठेवायला गेली. तो मावला नाही. दोन्ही भिंती सरकल्या.

"हा आत आलाच कसा?" सूत्रधाराने विचारले.

"मग भुयार रुंद करा," धाकटी म्हणाली.

"दगडाचं आहे ते."

"कागदाचं आहे."

"बाहेरून बघणाऱ्याला," सूत्रधार म्हणाला, आणि त्याने भिंती पुन्हा सरळ केल्या.

मित्रांनो, आता जे झाले ते माझ्या जिवावरचे होते. ताईचा कारखान्यातला एक नियम आहे, आणि घरीही ती तो मोडत नाही. एकाच वस्तूचा चुकीचा नग आणि बरोबर नग एकत्र राहू द्यायचे नाहीत. चुकीचा कापून टाकायचा, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जात नाही. ताईने टेबलाच्या खणातून कात्री काढली.

दातवालीने माझ्यावर तळहात ठेवला.

"हात काढ," ताई म्हणाली.

"नाही काढत. मी दाढ काढतानासुद्धा आधी विचारते."

"दोन घोडे ठेवले तर निकाल कुणाचा लिहू?"

"तुझं तू बघ. माझी बाई अंधारात आहे, बरोबर जखमी माणूस आहे, आणि तू तिचं जनावर मारायला निघालीस."

"माझी जखम फार गंभीर आहे," भाऊजी बिस्कीट खाता खाता म्हणाले.

कोणीतरी मला विचारावे असे मला फार वाटत होते. मला बोलता येत असते तर मी सांगितले असते. मी चुकीचा नाही. माझ्यावर चूक झाली आहे. यात फरक आहे, आणि तो कळत नसेल तर खुशाल कापा, पण मान वर असलेल्या जनावराला कापताय हे लक्षात असू द्या.

कोणी विचारले नाही. ताईने कात्री उलटी केली, पाती स्वतःकडे आणि मूठ धाकटीकडे. "तुझा घोडा आहे," ती म्हणाली. "तुला चुकीचा वाटतो ना? तू काप. मला कापायचा हक्क नाही, चाचणी अजून अपुरी आहे. अपुऱ्या चाचणीत मी नग कापत नाही."

धाकटीने कात्री घेतली. दातवालीने हात काढला, कारण आता मालकीण आली होती. धाकटीने मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. तिचा अंगठा माझ्या पोटावर होता, आणि कात्री माझ्या मानेच्या इतकी जवळ होती की तिच्या पात्यात मला माझीच आयाळ दिसत होती.

ती एकेक रेघ बघत गेली. लगाम पुसला गेला होता. बक्कल दिसत नव्हते. टाके तर नव्हतेच. मग ती हळूच म्हणाली, "डोळा बुजला नाही."

"काय?" ताईने विचारले.

"एवढा आखडला, तरी डोळा राहिला. त्यात मी पांढरा ठिपका सोडला होता, तो आहे अजून."

"दिसतो तो," दातवाली म्हणाली. "मागच्या रविवारी तो बघूनच मी थांबले."

धाकटीने कात्री खाली ठेवली. मग तिने मला भुयारात ठेवले. पण जिथे होतो तिथे नाही. एक घर पुढे.

"करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही," ताई म्हणाली.

"तोंड कुठे उघडलं? हात चालवला."

"फासा न टाकता?" सूत्रधार म्हणाला.

धाकटीने स्टूल टेबलाजवळ ओढले आणि त्याच्या हातातून फासा घेतला.

उरलेला कागद

निकाल त्याच संध्याकाळी लिहिला गेला. ताईने पहिल्यांदा लिहिले, 'परत.' मोठा घोडा दिखाऊ आणि टिकाऊ, लहान घोडा खेळाऊ, पण सूचना अपुरी. बहिणीसाठी तिने काना किंवा मात्रासुद्धा बदलली नाही. धाकटीनेही सवलत मागितली नाही. ती तिथेच, चहाचे कप बाजूला सारून, तबेल्याच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहायला बसली. दोनदा खोडली. मग वाचून दाखवली:

"घोडे मोठ्या कागदावर छापा. 'पानात बसवा' बंद ठेवा. बंद ठेवायचे नसेल, तर घोड्याला तट्टू म्हणा आणि भुयारात शिरा."

ताई हसली. तिचे हसणे मी त्याआधी पाहिले नव्हते. तिने 'परत' खोडून 'पास' लिहिले, आणि खाली आपल्या नावाने एक वाक्य जोडले, की मालाबरोबर परीक्षकाचे यंत्रही तपासत जावे, या घरच्या यंत्रात एक जुनी खूण होती. मग ती उठली, यंत्रापाशी गेली आणि ती खूण काढली. साहेबांनी रिकामी ठेवलेल्या खुर्चीचे म्हणाल, तर तिच्यावर आता दुसरेच कोणी बसते आणि गुडघे काढते.

बहुतेक लोक थोरलाच घोडा छापतात. बरोबरच करतात. तो चांगला घोडा आहे. माझ्याविषयी मात्र त्या निकालात पास नाही आणि नापासही नाही. माझी चाचणी चालू आहे, असे ताई म्हणते. त्या गोष्टीतून ते भुयार केव्हाच मागे पडले, पण चाचणी पुरी झाली असे अजून कोणी म्हटलेले नाही. माझा एक कान आता नाही. पोटावर चहाचा डाग आहे. मागचा पाय दोनदा चिकटवला आहे, आणि घडीची रेष पांढरी पडली आहे. नव्या सोंगट्या येतात, चकचकीत, भरीव, रंगवलेल्या. काही खरोखरच चांगल्या असतात. काहींना बघून सगळे मागे टेकतात.

मित्रांनो, आमच्यासारखे आपले आयुष्य सांगतात तेव्हा शेवटी विनंती करायची असते, की आम्हाला जपा. मी करणार नाही. मला जपू नका. मला काचेत ठेवू नका. मला पारखायचे असेल तर पारखा, फुंकर मारा, पंखा लावा, डब्यात टाका. पण लांबून बघून 'कागदीच तर आहे' असे म्हणून निकाल देऊ नका. आधी मला उचला, अंधाऱ्या घरात ठेवा, आणि तुमचे सगळ्यात जखमी माणूस माझ्या पाठीवर द्या.

मग बघा, मी चालतो का.